आपला संघ कोणता? : बन्नूरहून पाहिलेली मुंबई-म्हैसूर झुंज

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘इतिहासपर काहीतरी’ लिहून द्यावे अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा मंडळींच्या मनात काय असावे याचा अंदाज मला आला. आमचे बन्नूर श्रीरंगपट्टणाहून फारसे दूर नाही. १७९२ साली हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा या मुलखात होत्या, आणि त्या विषयावर दोन शब्द लिहावेत अशीच अपेक्षा असणार. परंतु त्यावर अधिकाराने लिहिणारी विद्वान मंडळी आपल्यात आहेत. मी पडलो गलाई करणाऱ्याचा मुलगा आणि जन्माचा क्रिकेटशौकीन. मराठी माणसांच्या ज्या स्वाऱ्या मी स्वतः कानाशी ट्रान्झिस्टर धरून अनुभवल्या, त्यांचाच वृत्तांत सादर करण्याची परवानगी असावी. या स्वाऱ्यांत रक्त सांडले नाही. आमच्या घरात मात्र काही वर्षे एक अबोला नांदला.

बन्नूर कोठे, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे. म्हैसूरहून मळवळ्ळीच्या रस्त्याने सुमारे पंचवीस किलोमीटरवर, तिरुमकूडलु नरसीपूर तालुक्यातील हे गाव. कावेरीचे पाणी जवळ, त्यामुळे भात आणि ऊस मुबलक. बन्नूरची मेंढी या भागात प्रसिद्ध आहे. आणि होयसळांचे सोमनाथपूरचे केशवमंदिर पाहावयास जाणारे प्रवासी आमच्या गावावरून जातात, क्वचित चहाला थांबतात. अशा या गावी माझे वडील (आम्ही त्यांना तात्या म्हणत असू) १९५१ साली आले. सांगलीकडच्या खानापूर-विटे भागातील माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात हिंदुस्थानभर पसरली आहेत, हे आपणांस ठाऊकच आहे. सराफांच्या दुकानांतील केर धुवावा, जुने दागिने मुशीत आटवावेत, तेजाबाने कस काढावा आणि शुद्ध सोने परत करावे, हा धंदा. त्याला मूस, भट्टी आणि विश्वास एवढेच भांडवल लागते. परमुलखात तिसरी गोष्ट मिळवायला वेळ लागतो. तात्यांनी ती मिळवली. १९६३ च्या सुवर्णनियंत्रणाने जेव्हा सोनारांच्या तोंडचे पाणी पळाले, तेव्हा शेजारच्या गुळाच्या व्यापाऱ्याने दोन वर्षे आम्हांला उधारीवर निभावून नेले. हे गृहस्थ जातीने गौडा. तात्या त्यांना ‘गौडरे’ म्हणत आणि ते तात्यांना ‘रायरे’. पुढील हकिकतीत त्यांचा संबंध येणार आहे.

आता तात्यांच्या क्रिकेटविषयी. काटेकोर विचार केला तर खानापूर तालुक्यातील माणसाचा संघ मुंबईचा नव्हे. रणजी करंडकाच्या नकाशात मुंबई निराळी आणि महाराष्ट्र निराळा. सांगलीचे विजय हजारे आधी महाराष्ट्राकडूनच खेळले, प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा सलग दोनदा करंडक जिंकला. आणि भाऊसाहेब निंबाळकरांच्या १९४८ मधील नाबाद ४४३ धावांची कथा तर प्रत्येक मराठी घरात हळहळीने सांगितली जाते. प्रतिस्पर्धी काठेवाड संघाने पुढे खेळण्यास नकार दिला म्हणून ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम नऊ धावांनी राहिला. हे सारे तात्यांना पाठ होते. परंतु त्यांची निष्ठा मुंबईवर. कारण विचारले की ते म्हणत, “महाराष्ट्राचा संघ चांगला खेळतो, मुंबईचा संघ जिंकतो. परमुलखात राहणाऱ्याने जिंकणाऱ्याकडे पाहून राहावे.” १९७०-७१ च्या अंतिम सामन्यात मुंबईचे खंदे वीर वेस्ट इंडिजमध्ये असतानाही सुधीर नाईकच्या नवख्या संघाने महाराष्ट्राला ४८ धावांनी हरवले, तेव्हा तात्यांना आनंद झाला आणि आमच्या आत्याच्या यजमानांनी पुण्याहून रागाचे पत्र पाठवले, असे आठवते.

इकडचा म्हैसूर संघ त्या काळी दुबळ्यांत जमा होता. रणजी स्पर्धेचा पहिलाच सामना, ४ नोव्हेंबर १९३४ रोजी मद्रासच्या चेपॉक मैदानावर, मद्रास आणि म्हैसूर यांच्यात झाला आणि तो एका दिवसातच आटोपला. म्हैसूरचे डाव ४८ आणि ५९ धावांत गुंडाळले गेले. मद्रासला एकदा १३० केल्या तेवढे पुरले. पुढे १९४१-४२ मध्ये म्हैसूर अंतिम फेरीपर्यंत पोहोचले, तेथे मुंबईने त्यांचा एक डाव व २८१ धावांनी फडशा पाडला. १९५९-६० मध्ये पुन्हा अंतिम सामना, पुन्हा मुंबई, पुन्हा डावाने पराभव. मुंबईचे लोक म्हैसूरला हरवतात ही गोष्ट माझ्या लहानपणी सूर्य पूर्वेला उगवतो इतकी स्वाभाविक होती. गावातील पोरे माझ्याकडे पाहून ‘निम्मवरु’ म्हणजे ‘तुमचे लोक’ असे म्हणत. त्या शब्दात वैर नव्हते, पण एक रेघ होती. मी तिच्या पलीकडे उभा असे आणि चेंडू टाकताना मनातल्या मनात चंद्रशेखर होत असे.

चंद्रशेखर आमच्या म्हैसूरचा. लहानपणी पोलिओने ज्याचा उजवा हात बारीक झाला, त्याच हाताने त्याने जगाला फिरवले. त्याचा चेंडू कोठे वळणार हे फलंदाजाला तर कळत नसेच, पण पुष्कळदा त्याला स्वतःलाही कळत नसावे असे माझे मत आहे, आणि त्यातच त्याचे मोठेपण आहे. प्रसन्नाही एका अर्थी म्हैसूरचाच म्हणायचा, कारण त्याने अभियांत्रिकीचे शिक्षण म्हैसूरच्या नॅशनल इन्स्टिट्यूटमध्ये घेतले आणि त्यापायी क्रिकेटची ऐन उमेदीची काही वर्षे सोडून दिली. आजच्या काळात असा खेळाडू दाखवा! तात्या चंद्रशेखरला मानत, प्रसन्नाला तर फारच मानत. परंतु ‘फिरकी चांगली, पण मुंबईचे पोर फिरकीवर झोपत नाही’ असे म्हणून विषय संपवत.

आमच्या घरात या बाबतीत पूर्ण एकमत असा एकच दिवस मला आठवतो. २४ ऑगस्ट १९७१. गणेशचतुर्थी होती. दुपारी मोदकांचे जेवण झाले होते, आणि संध्याकाळी ओव्हलवरचे इंग्रजी वर्णन आम्ही खरखरीतून ऐकत होतो. आदल्या दिवशी चंद्रशेखरने ३८ धावांत सहा बळी घेऊन इंग्लंडला १०१ मध्ये गुंडाळले होते. मुंबईच्या वाडेकरचे कर्णधारपद, मुंबईच्याच सोलकरचा तो जमिनीलगतचा अचाट झेल, आणि म्हैसूरची गोलंदाजी. ओव्हलवर त्या सामन्यात कोणी हत्तीण आणून उभी केली होती हे नंतर वाचले. भारताने इंग्लंडमध्ये प्रथमच कसोटी जिंकली. गौडरु प्रसादाला आले होते. ते म्हणाले, “रायरे, आज तुमचे आणि आमचे एकच.” तात्यांनी त्यांना दुसरा मोदक वाढला.

पण ‘एकच’ हा शब्द त्या वर्षांत इतका सोपा नव्हता. १९६६ नंतर मुंबईत दाक्षिणात्य लोकांविरुद्ध चळवळ उठली होती. त्याच्या बातम्या ‘प्रजावाणी’त येत. १९६७ मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला आणि बेळगावचा प्रश्न अधिकच चिघळला. बेळगावात वा मुंबईत काही घडले की दुसऱ्या दिवशी बन्नूरच्या बाजारात तात्यांना लोक विचारीत, “काय रायरे, तुमचे लोक असे का करतात?” ज्या गावात वीस वर्षे काढली, जेथे मुलांचे जन्म झाले, तेथे माणसाला एखाद्या लांबच्या शहराचा वकील म्हणून उभे राहावे लागते, याचा शीण ज्यांनी घर सोडले आहे त्यांनाच कळेल. तात्या वाद घालीत नसत. मुंबईचा संघ जिंकला की मात्र ते त्या दिवशी जरा ताठ चालत. मला हे उशिरा उमगले. त्या वेळी मला ते केवळ हट्टी वाटत.

१ नोव्हेंबर १९७३ रोजी म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले, आणि त्याच हंगामात रणजी स्पर्धेत ‘कर्नाटक’ नावाचा संघ प्रथम उतरला. १९७४ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी उपांत्य सामन्यात बंगळूरला समोर मुंबई. मुंबई म्हणजे १९५८-५९ पासून लागोपाठ पंधरा वर्षे करंडक घरी ठेवणारा संघ. आदल्याच वर्षीच्या अंतिम सामन्यात पद्माकर शिवलकरने मद्रासला तमिळनाडूचे आठ गडी १६ धावांत आणि पाच गडी १८ धावांत बाद करून तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर खेळ संपवला होता. (शिवलकर हे एक दुःखच आहे. बेदीच्या काळात जन्माला आला हा त्याचा एकमेव अपराध; ५८९ प्रथम श्रेणी बळी आणि एकही कसोटी नाही.) वाडेकर, गावसकर, अशोक मंकड, सोलकर, इस्माईल, शिवलकर: ही नावे आम्ही पाढ्यासारखी म्हणत असू.

माझी एस.एस.एल.सी.ची परीक्षा जवळ आली होती. पुस्तक मांडीवर आणि कान दुकानात. आमच्या दुकानाच्या ओट्यावर गौडरु, टपालवाला, कॉफी हॉटेलातील पोरे आणि भट्टीपाशी तात्या, असा दरबार भरे. येथे एक गोष्ट ओघात सांगतो: ‘आकाशवाणी’ हा शब्द आज सर्व देशाचा झाला आहे, पण १९३५ साली म्हैसूरमध्ये प्राध्यापक गोपालस्वामींनी आपल्या घरी जे खाजगी केंद्र चालू केले, त्याचे ते नाव होते. म्हैसूरकरांना याचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे.

पहिला डाव कर्नाटकाचा. विश्वनाथने १६२ धावा काढल्या, ब्रिजेश पटेलने १०६. विश्वनाथचा स्क्वेअर कट रेडिओवर दिसत नाही, पण ऐकू येतो: निवेदकाचे वाक्य पुरे होण्याआधीच लोकांचा आवाज उठे. कर्नाटक सर्वबाद ३८५. तात्या म्हणाले, “मुंबईने असे किती पाहिले आहेत.” आणि खरेच, त्यांचा स्वर निर्धास्त होता.

मग मुंबईचा डाव सुरू झाला. गावसकर जमला आहे असे वाटत असताना प्रसन्नाने त्याचा त्रिफळा उडवला. तो चेंडू कसा टाकला याविषयी पुढे जाणकारांनी पाने भरभरून लिहिले. आम्हांला ओट्यावर फक्त एक गर्जना ऐकू आली आणि मागाहून निवेदकाचा चिरका आवाज. तरी मुंबई घाबरली नाही. वाडेकर उभा होता, धावा जुळत होत्या. तात्यांनी भट्टीतली मूस काढली सुद्धा, इतका त्यांना विश्वास होता. आणि तेवढ्यात एक धाव घेताना वाडेकरचा पाय घसरला. तो पडला, उठेपर्यंत यष्ट्या उडाल्या. धावचीत.

मी टाळी वाजवली. उभा राहून वाजवली. मांडीवरचे बीजगणित जमिनीवर पडले. टपालवाल्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि मी ओरडलो, काय ओरडलो ते आठवत नाही, पण कानडीत ओरडलो एवढे नक्की. वळून पाहतो तो तात्या माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या हातात चिमटा होता. ते काही बोलले नाहीत.

मुंबई ३०७ वर आटोपली. सामना अनिर्णित, पण पहिल्या डावातील ७८ धावांच्या आघाडीवर कर्नाटक अंतिम फेरीत गेले. पंधरा वर्षांची सत्ता संपली. गौडरु जाताना म्हणाले, “निम्मवरु सोतरु, रायरे.” तुमचे लोक हरले. त्यांनी ते हळुवारपणे म्हटले, एखाद्याच्या घरी समाचाराला जावे तसे. रात्री पानावर बसल्यावर तात्यांनी मला विचारले, “टाळी का वाजवलीस?”

मी म्हणालो, “आपला संघ जिंकला म्हणून.”

“आपला?” एवढेच ते म्हणाले, आणि भात कालवू लागले. आईने विषय बदलला. पुढे जयपूरला कर्नाटकाने राजस्थानला १८५ धावांनी हरवून करंडक प्रथमच जिंकला, गावात फटाके वाजले, पण आमच्या घरात क्रिकेट हा शब्द काही महिने निघाला नाही. पुढल्याच वर्षी, १९७४-७५ मध्ये, मुंबईने अंतिम सामन्यात कर्नाटकाला सात गडी राखून हरवले, तेव्हा तात्यांनी वर्तमानपत्राचे ते पान घडी घालून माझ्या वहीत ठेवून दिले. त्यावर मी काही बोललो नाही. हिशेब फिटला असे त्यांना वाटले असावे. मला मात्र ती ‘आपला?’ची खूण वहीतून काढून टाकता आली नाही.

याच सुमारास आपले मंडळ उभे राहिले. पहिल्या गणेशोत्सवापासून मंडपाच्या मागे क्रिकेटची जी संसद भरे, तिचे जुने सभासद हे वाचत असतील तर त्यांना आठवेल की तेथे मुख्य वाद एकच: विश्वनाथ मोठा की गावसकर? माझे मत मी तेव्हा मांडले होते व आजही बदललेले नाही. सामना वाचवायचा असेल तर गावसकर, आणि पाहायचा असेल तर विश्वनाथ. ६०८० कसोटी धावा आणि चौदा शतके ही संख्या गावसकरच्या तुलनेत लहान आहे, परंतु विश्वनाथने शतक काढलेली एकही कसोटी भारताने गमावली नाही, आणि त्याची सर्वांत थोर खेळी तर शतकही नाही. जानेवारी १९७५ मध्ये मद्रासला अँडी रॉबर्ट्सच्या तोफखान्यासमोर भारताच्या १९० धावांपैकी नाबाद ९७ एकट्या विश्वनाथच्या होत्या. त्या वादावर दैवानेच तोडगा काढला: विश्वनाथने गावसकरच्या भगिनीशी विवाह केला. एक कर्नाटकी फलंदाज मराठी घरचा जावई झाला आणि गावसकरने आपल्या मुलाचे नाव रोहन जयविश्व ठेवून त्यात कन्हाय, जयसिंहा आणि विश्वनाथ तिघांनाही बसवले. मंडपामागे त्या वर्षी कोणीतरी पेढे वाटले. ‘आता हा वाद घरगुती झाला,’ असे एक वडीलधारे सभासद म्हणाले.

तात्यांचा मात्र विश्वनाथवर एक आक्षेप होता. फेब्रुवारी १९८० च्या मुंबईतील सुवर्णमहोत्सवी कसोटीत तो कर्णधार असताना पंचांनी बाद दिलेल्या बॉब टेलरला त्याने परत बोलावले. टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागी केली आणि सामना इंग्लंडने दहा गडी राखून जिंकला. “सभ्य माणूस,” तात्या म्हणत, “पण मुंबईत वाढलेल्याने हे केले नसते.” खडूसपणा हा मुंबई क्रिकेटचा मानाचा शब्द आहे, आणि तात्या तो कौतुकानेच वापरीत. माझे मत उलट आहे. परंतु गावसकरचा खडूसपणा मीही एकदा डोळे विस्फारून ऐकला. १९८१-८२ च्या उपांत्य सामन्यात बंगळूरला रघुराम भटने पहिल्या डावात हॅट्ट्रिकसह मुंबईचे आठ गडी टिपले. दुसऱ्या डावात खेळपट्टी अशी वळत होती की डावखुऱ्या भटचा चेंडू उजव्या फलंदाजाला नको जीव करी. तेव्हा गावसकर खाली उतरून चक्क डाव्या हाताने खेळला आणि बाद झाला नाही! ओट्यावरच्या काही लोकांना हा आमच्या संघाचा अपमान वाटला. मला तो त्या गोलंदाजाचा सन्मान वाटला. जगातील सर्वोत्तम सलामीच्या फलंदाजाने ज्याच्यापुढे आपला हात बदलला, त्या भटला आणखी काय हवे? पुढील वर्षी, १९८२-८३ मध्ये, कर्नाटकाने मुंबईला मुंबईतच, अंतिम सामन्यात, पहिल्या डावाच्या आघाडीवर हरवले. त्या दिवशी तात्यांनी स्वतःच रेडिओ बंद केला आणि म्हणाले, “चांगले खेळले.” कोण, ते सांगितले नाही.

राहुल द्रविड आला आणि आमच्यासारख्यांची मोठी सोय झाली. जन्म इंदूरचा, वाढ बंगळूरची, घरची भाषा मराठी, आणि संघ कर्नाटकाचा. फेब्रुवारी १९९१ मध्ये त्याने कर्नाटकाकडून रणजीत पदार्पण केले तेही पुण्यात, महाराष्ट्राविरुद्ध, आणि ८२ धावा काढल्या. हा योगायोग मी किती जणांना ऐकवला असेल याची गणती नाही. बाजारात कोणी ‘निम्मवरु’ म्हटले की मी विचारी, “द्रविड कोणाचा?” आणि समोरचा गप्प होई. म्हैसूरचा श्रीनाथ, बंगळूरचा कुंबळे आणि हा द्रविड, या तिघांच्या काळात तात्यांचा विरोधही मावळला; ते द्रविडविषयी म्हणत, “हा मुंबईत असता तर आणखी खडूस झाला असता.” याहून मोठी स्तुती त्यांच्याकडे नव्हती.

आजच्या व्यावसायिक संघांविषयी माझे मत विचाराल तर ते थोडक्यात सांगतो, कारण त्याने नातवंडे रागावतात. २००८ साली लिलावाचे क्रिकेट सुरू झाले तेव्हा बंगळूरच्या संघात नगर जिल्ह्यातील श्रीरामपूरचा झहीर खान आणि मुंबईच्या संघात कर्नाटकाचा रॉबिन उथप्पा! वर्षभराने दोन्ही मालकांनी त्यांची अदलाबदल केली आणि प्रत्येक जण जरा घराजवळ आला. हे वाचून मला हसू आले. मोडीच्या बदल्यात नवा दागिना देताना सराफ असेच करतो. तरी पोरांचे प्रेम खरे आहे. ३ जून २०२५ रोजी बंगळूरने अहमदाबादेत पंजाबला सहा धावांनी हरवून अठरा वर्षांत प्रथमच ती स्पर्धा जिंकली तेव्हा बन्नूरचा चौक मध्यरात्री जागा होता. दुसऱ्याच दिवशी चिन्नस्वामी मैदानाबाहेरच्या चेंगराचेंगरीत अकरा जीव गेले. संध्याकाळी त्याच चौकात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. त्यावर अधिक लिहवत नाही.

सहा धावांचा आणखी एक सामना मला माहीत आहे, आणि तो सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. जानेवारी २०१० चा रणजी अंतिम सामना, मुंबई विरुद्ध कर्नाटक, आणि तो चक्क म्हैसूरला, मानसगंगोत्रीतील गंगोत्री ग्लेड्स मैदानावर. आयुष्यभर जी झुंज खरखरीतून ऐकली ती घरापासून तासाभराच्या अंतरावर आली. तात्या तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे. शेवटच्या दिवशी ‘मला न्या’ म्हणाले. संक्रांत होती, १४ तारीख. आईने तिळगुळाचा डबा दिला. गौडरु कधीच वारले होते. त्यांचा मुलगा गाडी घेऊन आला आणि त्याच्या डब्यात एळ्ळु-बेल्ल होते.

मैदानाभोवती माणसेच माणसे. झाडांवर पोरे चढली होती. सामन्याची कथा अशी: मुंबई २३३, आविष्कार साळवीच्या माऱ्यापुढे कर्नाटक १३०. दुसऱ्या डावात अभिमन्यू मिथुनने सहा गडी बाद केले तरी धवल कुळकर्णीच्या ८७ धावांनी मुंबईला २३४ पर्यंत नेले. कर्नाटकाला विजयासाठी ३३८ हव्या होत्या. द्रविड भारतीय संघाबरोबर बांगलादेशच्या दौऱ्यावर, म्हणजे आधार नाही. आणि अशा वेळी मनीष पांडे नावाचा वीस वर्षांचा पोर गणेश सतीशला जोडीला घेऊन असा खेळला की मुंबईचा कर्णधार वसीम जाफर हताशपणे क्षेत्ररक्षक हलवीत राहिला. १४४ धावा काढून पांडे बाद झाला. मुंबईने टाळ्या वाजवल्या, मैदान गप्प झाले. मी तात्यांकडे पाहिले. ते टाळी वाजवीत नव्हते. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली होती.

मग मुंबईने मुंबईचे काम केले. आगरकर आणि कुळकर्णी दात खाऊन टाकीत होते, गडी जात होते, तरी तळाची पोरे एकेक धाव काढीत होती. वीस हव्यात, पंधरा हव्यात, दहा हव्यात. झाडावरची पोरे आकडे ओरडून सांगत होती. ३३१ वर शेवटचा गडी बाद झाला. सहा धावांनी मुंबई विजयी. एकोणचाळिसाव्यांदा करंडक मुंबईला.

गौडांचा मुलगा डोळे पुसून हसला आणि वडिलांच्याच शब्दांत तात्यांना म्हणाला, “निम्मवरु गेद्दरु, ताता.” तुमचे लोक जिंकले, आजोबा. तात्यांनी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, “आपण हरलो रे.”

‘आपण म्हणजे कोण?’ हे मी विचारले नाही. छत्तीस वर्षांपूर्वीचा भात मला आठवत होता. परतीच्या वाटेवर त्यांनी पांडेच्या फटक्यांविषयी एवढे तपशीलवार बोलणे केले की मला वाटले, आता चिन्नस्वामीवर निवडसमितीला पत्र पाठवतात की काय.

२०१३ साली तात्या गेले. पुढच्याच हंगामात हैदराबादला रणजीचा अंतिम सामना झाला तो कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्यात. ज्या संघावर काटेकोर हिशेबाने आमचा जन्मसिद्ध हक्क, तो महाराष्ट्र, आणि समोर विनयकुमारचा कर्नाटक. के. एल. राहुलने १३१ काढल्या, कर्नाटक सात गडी राखून जिंकले. संध्याकाळी गौडांचा मुलगा म्हैसूरपाक घेऊन आला. ओट्यावर बसला, पुडा उघडला आणि म्हणाला, “नम्मवरु गेद्दरु.” आपले लोक जिंकले. मी कॉफी सांगितली. मग महाराष्ट्राच्या केदार जाधवने त्या हंगामात बाराशे तेवीस धावा काढल्या होत्या हे मी त्याला सामना संपून अर्धा तास झाल्यावरही पुन्हा पुन्हा सांगत राहिलो, आणि त्याने ते मुकाट्याने ऐकून घेतले.